मूठभर मिठावर दिलेला नातू

आमचं सासर निजामाच्या मुलखात आहे असं कळलं की पुण्यातल्या बायका दोनच गोष्टी विचारतात. तिकडे वाघ आहेत का, आणि तिकडच्या लोकांचं मराठी कळतं का. वाघ मी पाहिला नाही. मराठी मला पहिल्या वर्षी कळलं नाही, आणि दुसऱ्या वर्षी मी ते बोलायला लागले तेव्हा माहेरच्यांना माझं कळेना. विचारणाऱ्यांपैकी कुणी उठून हिंगोलीला जाईल असं मला वाटत नाही, म्हणून एका खेपेची हकीकत मीच लिहून ठेवते. त्या खेपेला आम्ही हवापालटाला गेलो नव्हतो की कुणाच्या लग्नाला. आम्ही आमचाच मुलगा सोडवून आणायला गेलो होतो, आणि तो मुलगा आमच्याच बरोबर, गाडीच्या खिडकीशी बसून फुटाणे खात चालला होता.

हे नीट सांगायला हवं. आमची पहिली दोन मुलं वर्षाच्या आत गेली. दोन्ही वेळा सासूबाई तेवढ्या लांबून पुण्याला आल्या होत्या. तिकडे सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. दोन्ही बाळांना न्हाऊमाखू घालणं, धुरी देणं, रात्री मांडीवर घेऊन बसणं, सगळं आत्याबाईंनीच केलं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी निरोप धाडला की बाळंतपण गावीच होईल. शनिवारी श्रीधर झाला. बाराव्या दिवशी, नाव ठेवायच्या आधी, आत्याबाईंनी त्याला सुपात घातलं, मागच्या दाराने बाहेर काढलं आणि माळावरच्या लमाण तांड्यातल्या सक्रीबाईला देऊन टाकलं.

मूल जगत नसलं की तिकडे असं करतात. पोर दुसऱ्याला द्यायचं, बदल्यात काहीतरी घ्यायचं, आणि मग ते परक्याचं म्हणून सांभाळायला पुन्हा घरी आणायचं. ज्याची वाईट नजर घरावर असेल त्याला वाटावं, हे काही या घरचं नव्हे. सक्रीबाईच्या सासऱ्यापर्यंत त्यांच्यात बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरत, म्हणून तिने बदल्यात मूठभर मीठ दिलं. पोर थावरला, म्हणजे त्यांच्या बोलीत शनिवारी झालेलं, म्हणून नाव ठेवलं थावरा. पुण्यात तो श्रीधर आणि गावात थावऱ्या. शाळेत घालायच्या आधी त्याला रीतसर परत आणायचं, असं त्याच दिवशी ठरलं होतं.

इथवर रीत झाली. तिच्यात आत्याबाईंनी आपला एक नेम घातला. सोडवून आणेपर्यंत या पोराला आपण मांडीवर घ्यायचं नाही. का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. "दोघं बी माझ्याच मांडीवर गेले न्हवं का, माय." मला त्या नेमाचा राग यायचा, पण त्या वाक्यापुढे माझा राग टिकला नाही.

पुढे शकू झाली. एक मूल जगल्यावर दुसऱ्याला नेम लागत नाही. त्यामुळे गावी गेलं की शकू आजीच्या मांडीवर आणि श्रीधर शेजारच्या पाटावर, असं चालायचं. तो लहान होता तोवर चाललं. यंदा त्याला पाचवं सरत आलं होतं.

हिंगोली

लढाई सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं, पण फाल्गुनातल्या त्या दिवसांत तिची आठवण पुण्याबाहेर पडल्यावर कुणाला होत नव्हती. मनमाडला छोट्या गाडीत बसलो. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायाने ट्रंक उपसली आणि श्रीधरच्या लाकडी घोड्याचं पोट वाजवून पाहिलं, एवढं सोडलं तर वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही. आमचे हे ड्रॉइंगमास्तर आहेत. खिडकीतून दिसणारा प्रत्येक डोंगर त्यांनी काढला, आणि ट्रंकेचं कुलूप मात्र प्रत्येक वेळी मला लावावं लागलं.

हिंगोलीच्या फलाटावर माझे सासरे उभे होते. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. पांढरा पटका, गुडघ्याखाली धोतर, हातात बैलांचा कासरा, जणू बैल फलाटावरच आणायचे होते. "तकलीफ न्हाई ना झाली?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता श्रीधरला उचलून खांद्यावर घेतलं. आबांनी आत्याबाईंच्या नेमातून आपली वाट काढली होती. "मांडी तिची, खांदा माहा. माह्या खांद्याला कोनाचा नेम न्हाई," असं ते म्हणायचे. आबा आता नाहीत. श्रीधर आता उंच झाला आहे, तरी गर्दीत काही दिसेनासं झालं की तो अजून वर बघतो, कुणी उचलून घेईल म्हणून.

हिंगोलीच्या मोंढ्यात त्या दिवसांत चालणं म्हणजे शिंकत चालणं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीचे ढीग, आणि हमाल मानेपासून पायापर्यंत पिवळे. आपल्याकडे हळद डब्यात चिमटीने घेतात. इथे ती फावड्याने ओढत होते. एका दुकानात आबांनी मिरचीची भजी घेतली. दुकानदार "बैठो बाई, बैठो" म्हणून बाकडं पुसत होता. भजी इतकी तिखट की शकू रडली आणि ह्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण हे म्हणाले हळदीमुळे.

स्टेशनापासून गाव बैलांच्या दमणीने अर्ध्या दिवसाची वाट. पळस फुलले होते. पानं एकही नाही आणि झाड लाल, हे पाहून श्रीधरने ते पेटलंय का विचारलं. कयाधूच्या पात्रात चाक वाळूत रुतलं. हे मदतीला बूट घालूनच उतरले, आणि चाक निघालं तरी ह्यांचा डावा बूट काही निघेना. आबांनी बैल थांबवले, खाली उतरून हाताने वाळू उकरली आणि बूट काढून देताना म्हणाले, "मास्तर, पुढच्या बारीला ह्याला बी कासरा बांधू."

नरसीला थांबून देवदर्शन केलं आणि झाडाखाली धपाटे खाल्ले. हे नामदेवांचं गाव. इथल्या पोराने हट्ट करून देवाला नैवेद्य खायला लावला, ही गोष्ट आबांनी नातवंडांना सांगितली. तिकडे ती शेजारच्या घरात परवा घडल्यासारखी सांगतात. श्रीधरने सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "मग देवानं त्याला मांडीवर घेतलं का?" आबा उठून उगाच बैलांच्या माना खाजवत राहिले.

घर

घर धाब्याचं, मातीच्या जाड भिंतींचं. बाहेर ऊन रटरटत असलं तरी आत पाऊल टाकलं की अंग निवतं. आत्याबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्याच होत्या. तो ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, शकूला काखेला घेतलं. श्रीधरच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली. "वाळलं की रे लेकरू," म्हणाल्या. मी आधी रागवायची, आता हसते. पुण्याहून आलेलं कुठलंही लेकरू त्यांना वाळलेलंच दिसतं.

चुलीपाशी त्यांची बसायची जागा ठरलेली. तिला अगदी लागून एक पाट, त्याच्यावर जुन्या लुगड्याची मऊ घडी. हा श्रीधरचा पाट. तो गावात नसला तरी तिथे दुसरं कुणी बसत नसे. पाटावर बसलं की त्याचा गुडघा आजीच्या गुडघ्याला लागायचा. ज्वारीची पांढरी भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि वर करडईचं कच्चं तेल. आपल्या आमटीत गूळ घालतात असं मी पहिल्यांदा सांगितलं होतं तेव्हा आत्याबाईंनी "काहून? कोन आजारी हाय?" असं विचारलं होतं. आता मी पुण्यातही गूळ घालत नाही, आणि माझ्याकडे जेवायला येणारे पाणी मागत जेवतात.

जेवताना श्रीधरला पहिला घास आत्याबाईच भरवायच्या. भाकरीचा पापुद्रा, दुधावरची साय, जे चांगलं असेल ते आधी पाटाकडे जायचं. पण जेवण झालं, पोरं पेंगुळली की शकू आपसूक आजीच्या मांडीत शिरायची आणि श्रीधर पाटावर तसाच ताठ बसून राहायचा. त्या खेपेला मी पाहिलं, तो आजीकडे बघत नव्हता. शकूकडे बघत होता.

हळद

पुढचे दिवस मळ्यात गेले. हळद काढून झाली होती आणि शिजवणं चाललं होतं. एवढी थोरली कढई की तिच्यात आमचं पुण्याचं न्हाणीघर मावेल. कढईत कंद, वर हळदीचाच पाला, त्यावर भिजलेली गोणपाटं. वाफ पाल्यातून निघाली की आबा नाक वर करून वास घ्यायचे, मग एक कंद काढून त्यात काडी खुपसायचे. काडी आरपार गेली की "उतरवा." शिजलेली हळद उन्हात पसरायची. शकू त्या पसरलेल्या हळदीत जाऊन बसली आणि खालच्या अंगाने अशी पिवळी झाली की पुण्याला परतल्यावरही आठवडाभर तिची झबली पिवळी होत होती.

श्रीधर मात्र मळ्यात आबांच्या मागे मागे. अनवाणी. बूट त्याने पहिल्याच दिवशी धाब्यावर फेकले होते, गावातली पोरं हसतात म्हणून.

तांड्यावर जायचं त्याच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, कणगीवरचं एक लहानसं मडकं खाली काढलं. तोंडाला फडकं बांधलेलं. सक्रीबाईचं मीठ त्यांनी त्यात घालून ठेवलं होतं. आपल्या पोराच्या बदल्यात आलेलं मीठ खायचं कसं, म्हणून त्यातला एक खडाही त्यांनी वापरला नव्हता. तेच जसंच्या तसं परत करायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. फडकं सोडलं. मडकं रिकामं.

मीठ ते. त्याने मधले सगळे पावसाळे पिऊन घेतले, आणि पाणी होऊन मडक्यातून झिरपून गेलं. मडक्याला बाहेरून पांढरं किटण चढलं होतं, आणि आत्याबाईंनी ते हातात फिरवलं तसं बूड निखळून त्यांच्या तळहातावर राहिलं आणि बाकीच्याची खापरं झाली. त्या तशाच खाली बसल्या.

"त्यात काय," हे म्हणाले. "दुकानातून आणू. मीठ ते मीठ."

"तिचं मीठ हुतं ते," आत्याबाई म्हणाल्या. "लेकराचं मोल पानी हून वाहून गेलं, अन् मला पत्ता न्हाई. आता कसं सुटावं हे पोरगं?"

त्यांच्या मनात काय आलं ते मला दिसत होतं. माझ्याही मनात तेच आलं, खोटं कशाला सांगू? एरवी या रीतीभातींना मी नाक मुरडते, पण दोन मुलं पोहोचवून आलेल्या बाईचं नाक असल्या वेळी मुरडत नाही. आबा तेवढे शांत. त्यांनी पंचा पसरला, मडक्याची खापरं उचलून त्यात ठेवली, कणगीवरचा पांढरा डागही नखाने खरवडून घेतला.

"हे बी मीठच हाय," म्हणाले. "उद्या तिलाच इचारू."

तांडा

तांडा गावाबाहेरच्या माळावर. घरं एका ओळीत, दारं एकाच दिशेला, आणि प्रत्येक दारापुढे गाय नाही तर बैल. आम्ही पोहोचलो तशी एका घरातून सक्रीबाई आली. भिंगांची काचोळी म्हणजे चोळी, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि केस आता पार पिकलेले. तिने धावत येऊन आत्याबाईंच्या गळ्यात हात टाकले आणि मोठ्याने, सुरात रडायला लागली. आत्याबाईही डोळ्यांना पदर लावून उभ्या. मी घाबरले. तिच्या घरी कुणी गेलं असावं म्हणून मी तोंड पाडून पुढे झाले आणि "कधी झालं हो?" असं विचारून बसले. आबांना हसू आवरेना. त्यांच्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की अशाच रडतात, आणि त्या रडण्यातच एकमेकींची खुशाली सांगतात. आम्ही पुण्यात दारातच "या, चहा घेणार का?" म्हणतो. दोन्ही रीती आपापल्या जागी ठीक असतील, पण आमच्या रीतीत कुणाचे डोळे पुसावे लागत नाहीत.

रडून झाल्यावर सक्रीबाई हसली आणि श्रीधरकडे वळली. "आव, छोरा, आव," म्हणत तिने त्याला ओढलं आणि सरळ मांडीवर घेतलं. मोठा झाला, जड झाला, माझ्यावानीच काळा झाला, असं काहीबाही त्याला आणि आम्हाला सांगत राहिली. श्रीधर तिच्या काचोळीच्या भिंगांत स्वतःला बघत बसला. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि ताक आलं. तो तिच्या मांडीवर बसूनच जेवला.

मग आत्याबाईंनी पंचा सोडला. खापरं बाहेर आली. घडलेलं सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की सक्रीबाईला पुढे वाकून ऐकावं लागलं.

"ठिवलं व्हतं?" सक्रीबाईने विचारलं. "मीठ कोनी ठिवतंय का, बाई? म्या तव्हाच म्हनले व्हते, खावा म्हनून. माझं मीठ तुमच्या भाजीत गेलं असतं, तुमची भाजी पोराच्या पोटात गेली असती."

"म्या न्हाई खाल्लं."

"काहून?"

आत्याबाईंनी खापरं पुढे सरकवली. सक्रीबाईने त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग एक खापर उचलून जिभेला लावलं आणि मान हलवली. "खारट हाय. माझंच हाय हे. पोचलं मला." खापरं तिने ओटीत घेतली. आत्याबाईंनी इतका लांब श्वास सोडला की मलाही सुटल्यासारखं वाटलं.

पुढचं सोपं होतं. सूप आणलं. श्रीधर त्यात आता कुठला मावणार? तो मध्ये बसला, पाय बाहेर, आणि सूप एका कडेने तडकलं. सक्रीबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कानात काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "आजपासनं तू ह्यांचा. जा, आजीच्या मांडीवर बस."

आत्याबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी मांडी नीट घातली, लुगड्याचा ओचा सारखा केला, पदर पसरला. हात पुढे केले नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला काढता आला असता तर मी ड्रॉइंगमास्तरीण झाले असते.

श्रीधर सुपातून उठला. आजीकडे बघितलं, शकूकडे बघितलं, आणि मागे फिरून पुन्हा सक्रीबाईच्या मांडीवर जाऊन बसला.

"मी इथंच बसतो," म्हणाला.

"अरे, आजीकडे जा ना," मी म्हणाले.

"आजी मला घेत नाही. ती शकूला घेते."

तो रागाने नाही बोलला, हेच वाईट. आपलं नाव काय, गाव काय, असं कुणी विचारावं आणि पोराने सांगावं, तसं सांगितलं. हे उठले, त्याला उचलून आजीपाशी ठेवावं म्हणून. आत्याबाईंनी हात वर केला.

"ओढू नको त्याला. त्याच्या मनानं येऊ दे."

"येईल बाई," सक्रीबाई म्हणाली. "आज न्हाई तर उद्या येईल." पण उद्या-परवा सोडून आमच्याजवळ फार दिवस नव्हते. ह्यांची रजा संपत आली होती, आणि पुढे पाऊस, शाळा, लढाई. केव्हा येणं होईल कुणाला ठाऊक?

परतायच्या आधी

तांड्यावरून परतताना बैलगाडीत शकू सवयीने आजीकडे झेपावली. आत्याबाईंनी तिचा मुका घेतला आणि तिला माझ्याकडे दिलं. रात्री जेवतानाही तसंच. शकू रडली, रुसली, पण त्या दिवसापासून आत्याबाईंनी मांडीवर कुणालाच घेतलं नाही. जागा मोकळी ठेवली होती. काम नसलं की त्या चुलीपाशी मांडी घालून बसायच्या आणि हात गुडघ्यांवर ठेवायच्या. बोलवायच्या नाहीत.

आम्ही आपापल्या परीने खटपट केली. आबांनी त्याला शेंगदाण्याचा लाडू दाखवून "आजीपाशी जाऊन खा" म्हटलं. त्याने तो आजीपाशीच खाल्ला, पाटावर बसून. ह्यांनी आजीचं आणि त्याचं चित्र काढलं, त्यात तो मांडीवर बसलेला. श्रीधरने ते बघून "हा मी नाही, शकूच आहे" म्हणून सांगितलं. मी शेवटी आईच; मी धपाटा घालायची धमकी दिली. आत्याबाईंनी मला आत बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं, माय? म्याच त्याला शिकवलं. आता लगेच उलटं कसं शिकंल त्यो?" त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मीही रडले. सासू-सुना आम्ही एकत्र रडलो त्या दोन बाळांच्या वेळी, आणि त्यानंतर तेव्हाच.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी श्रीधर लंगडत घरी आला. मळ्याच्या काटेरी कुपाटीवरून उडी मारली होती, बाभळीचा काटा टाचेत जाऊन मोडला होता. रडणं फलाटापर्यंत ऐकू जाईल असं. मी पिन घेऊन बसले, तर त्याने मला लाथ मारली. ह्यांनी पाय धरला, तर ह्यांना चावला.

आबा म्हणाले, "तुमचं काम न्हाई ते. काटा काढावा तर तिनंच." हे खरं होतं. अर्धं गाव काटा काढायला आत्याबाईंकडे यायचं.

आत्याबाईंनी सुई आणली. ओसरीवर, जिथे ऊन चांगलं पडतं तिथे, मांडी घालून बसल्या. "पाय दाव," म्हणाल्या.

श्रीधर लांब उभा राहिला. मग खाली बसला आणि हात मागे टेकून, शक्य तेवढा दूर राहून, नुसती टाच पुढे केली. आत्याबाईंनी ती अलगद मांडीवर घेतली. तळहाताने धूळ पुसली, थुंकी लावून जागा बघितली.

"दुखेल का?"

"दुखंल. मुंगी चावल्यावानी."

"काळी का लाल?"

"काळी."

तो थोडा विचारात पडला आणि त्याने टाच ढिली सोडली. आत्याबाईंची बोटं हळदीने पिवळी होती, आणि इतकी हळू चालत होती की सुई टोचतेय की नाही कळत नव्हतं. "अंधार पडून राहिला तुह्या पायाचा," त्या म्हणाल्या. "जरा म्होरं सरक." तो सरकला. पोटरी मांडीवर आली. "लई खोल गेलाय रे. अजून सरक." गुडघा आला. आबा खांबाला टेकून सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला.

मी आत तेल कोमट करून, त्यात हळद घालून बाहेर आणलं. वाटी खाली ठेवायला वाकले, तेव्हा मला आत्याबाईंच्या पदरावर काटा दिसला. काळा, अख्खा, टोकासकट. केव्हाचा निघालेला. त्यांनी सुई उलटी धरली होती, आणि तिच्या बोथट बाजूने त्या टाचेवर उगाच गोल गोल फिरवत होत्या.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी नजर अडकित्त्याकडे नेली.

"निघाला का, आजी?"

"न्हाई अजून. सरक."

तो सरकला. आता आणखी सरकायला जागाच नव्हती. त्याची पाठ त्यांच्या छातीला टेकली, डोकं खांद्यावर पडलं, आणि पाच वर्षांचं ते पोर लांब पाय टाकून त्या मांडीत जेमतेम मावलं. आत्याबाईंचा एक हात टाचेवर होता, दुसरा त्याच्या पोटावर येऊन थांबला. थोड्या वेळाने श्रीधर डोळे मिटूनच म्हणाला, "आजी, घाई करू नको. गाडी उद्या आहे."

"व्हय रे, बापा," त्या म्हणाल्या. "सावकाशच काढून राहिले."